समासातील नोंद

पिंपरी-चिंचवड नगरपालिका ४ मार्च १९७० रोजी अस्तित्वात आली आणि 'जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९' महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तरीही नगर आणि नोंदवही यांच्या आयुष्यातले हे समवयस्कत्व विचार करण्याजोगे आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज ऑटो आणि त्यांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या भोसरीतल्या असंख्य छोट्या कारखान्यांनी हे शहर वसवले. पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-सांगलीकडून आलेली माणसे येथे राहिली, निवृत्त झाली, त्यांची मुले येथे शिकली. मात्र अधिनियमानुसार जन्माची नोंद जन्म जेथे झाला त्या स्थळी होते. त्यामुळे ह्या शहरातल्या पुष्कळ प्रौढांची पहिली नोंद ह्या शहरात नाही. ती कुठल्यातरी ग्रामपंचायतीच्या कपाटात, ग्रामसेवकाच्या ताब्यातल्या वहीत आहे. माणूस पोटासाठी स्थलांतर करतो. त्याचा मूळ पाठ गावी राहतो.

'मूळ पाठ' हा शब्दप्रयोग येथे केवळ रूपक म्हणून केलेला नाही. अधिनियमाचे पंधरावे कलम वाचताना पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला आपल्याच शास्त्राचे नियम वाचल्याचा भास व्हावा, अशी त्याची रचना आहे. नोंद स्वरूपतः वा आशयतः चुकीची आहे, अथवा कपटाने किंवा अनुचित रीतीने केलेली आहे, असे निबंधकाच्या समाधानापर्यंत सिद्ध झाल्यास त्याला ती दुरुस्त किंवा रद्द करता येते. परंतु मूळ नोंदीत फेरफार न करता. दुरुस्ती समासात लिहावयाची, तिच्याखाली सही करावयाची आणि दिनांक घालावयाचा. मूळ अक्षर खोडायचे नाही, त्यावर गिरवायचे नाही. जुन्या पोथीच्या लेखकाने गाळलेला शब्द कडेला लिहावा, तसा हा व्यवहार आहे. दप्तराच्या प्रामाणिकपणाची ही एक सुंदर शिस्त आहे, हे प्रथमच मान्य करावयास हवे. प्रश्न उरतो तो असा की, माणसाच्या लिंगाविषयीची नोंद बदलावयाची असेल तेव्हा ह्या समासात नेमके काय लिहिले जाते, आणि ते कोणाकोणाला वाचता येते?

जन्माची नोंद हा एक विलक्षण लेख आहे. ती ज्याच्याविषयी आहे त्याचा तीत आवाज नाही. घरी जन्म झाला असेल तर कुटुंबप्रमुखाने कळवावयाचे, रुग्णालयात झाला असेल तर तेथील अधिकाऱ्याने. माहिती देणाऱ्याची सही किंवा अंगठा, लिहिणाऱ्याचे अक्षर, निबंधकाचा शिक्का: एवढे कर्ते ह्या लेखाला असतात, आणि ज्याचे आयुष्य त्यातून सुरू होते तो मात्र विषय म्हणून उपस्थित असतो. ह्या लेखात क्रियापद नाही. केवळ रकाने आहेत. त्या रकान्यांची आपापसांतली प्रतिष्ठाही सारखी नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने तशी सोय ठेवली आहे आणि नियमांनी नाव नोंदवण्यास पंधरा वर्षांपर्यंत अवधी दिला आहे. बारसे व्हायचे आहे, आत्या यायची आहे, नाव ठरायचे आहे, हे शासनाला समजते. लिंगाच्या रकान्याला मात्र असा अवधी नाही. कळवण्याची मुदत एकवीस दिवसांची, आणि सुईणीने वा परिचारिकेने उच्चारलेला शब्द त्याआधीच घरभर झालेला असतो. पेढे वाटायचे की बर्फी, हे त्या शब्दावर ठरते.

मराठीत ह्या रकान्याला 'लिंग' म्हणतात. ह्या शब्दाचा पहिला अर्थ खूण, चिन्ह असा आहे. न्यायशास्त्रात धूर हे अग्नीचे लिंग. ज्याच्यावरून न दिसणाऱ्या गोष्टीचे अनुमान करावयाचे ते लिंग. ह्या अर्थाने पाहिले तर जन्मनोंदीतील शब्द हे प्रत्यक्षावर आधारलेले अनुमान आहे. शरीरावरची एक खूण दिसली हे प्रत्यक्ष. तीवरून हा जीव पुढे आयुष्यभर कोणत्या नामाने, कोणत्या सर्वनामाने वावरणार हे अनुमान. बहुतांशी ते खरे ठरते, आणि ज्याच्या बाबतीत खरे ठरते त्याला ते अनुमान होते याची जाणीव होण्याचे कारणच पडत नाही. पतंजलीने महाभाष्यात शब्दांच्या लिंगाची चर्चा करताना शरीराच्या लक्षणांवरून स्त्री-पुरुष ठरवण्याची व्याख्या आधी मांडली, तिच्यातल्या अडचणी दाखवल्या आणि शेवटी लोकव्यवहाराचा आधार घेतला. वैयाकरणांचा तो प्रश्न शब्दांपुरता होता आणि त्याला माणसांच्या प्रश्नावर सरळ लादणे योग्य होणार नाही. परंतु शरीराच्या खुणेपासून संज्ञेपर्यंतचा प्रवास वाटतो तितका सरळ नाही, ही शंका ह्या परंपरेला परकी नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

ह्या शंकेला पिंपरीत एक चेहरा आहे. मराठी विषय घेऊन एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी. वडील भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर, आई घरी. जन्म मराठवाड्यातल्या एका गावी, राहत्या घरात. नोंद आजोबांनी केली. वहीत त्यांचा अंगठा आहे आणि त्याच ओळीत 'पुरुष' हा शब्द आहे. तिसरीत असताना ती पिंपरीला आली. अकरावीपासून तिने आपल्याला काय वाटते हे स्वतःशी कबूल केले आणि पदवीच्या शेवटच्या वर्षी घरात सांगितले. मधल्या चार-पाच वर्षांत ती कशी बोलत होती, हे मराठीच्या अभ्यासकाने ऐकण्यासारखे आहे. मराठीत 'मी' ह्या सर्वनामाला लिंग नाही, पण क्रियापदाला आहे. 'मी गेलो' किंवा 'मी गेले', 'मी जातो' किंवा 'मी जाते': बोलणाऱ्याला स्वतःविषयीची घोषणा वाक्यागणिक करावी लागते. पण भाषेने काही आडोसेही ठेवले आहेत. 'मी पुस्तक वाचले', 'मी अर्ज केला' ह्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि कर्ता झाकला जातो. 'मी जाईन' ह्या भविष्यकाळात लिंग दिसत नाही. 'मला जायचे आहे', 'मला वाटते' यांतही नाही. ती मुलगी काही वर्षे प्रामुख्याने कर्मणी प्रयोगात आणि भविष्यकाळात बोलत राहिली. व्याकरणाच्या तासाला प्रयोगांचे कोष्टक फळ्यावर लिहिले गेले तेव्हा वर्गातल्या इतरांनी ते परीक्षेसाठी उतरवून घेतले. तिला त्यात आपल्या दिवसांचा नकाशा दिसला, असे तिने पुढे एका मैत्रिणीला सांगितले.

भाषेत असे आडोसे सापडतात. कागदपत्रांत सापडत नाहीत. शाळा सोडल्याचा दाखला जन्मनोंदीवरून, दहावीचे प्रमाणपत्र शाळेच्या दाखल्यावरून, विद्यापीठाची नोंदणी दहावीच्या प्रमाणपत्रावरून, पुढे आधार, पॅन, भविष्यनिर्वाह निधीचे खाते. पाठचिकित्सेत ज्याला प्रतींचा वंशवृक्ष म्हणतात तो येथे पूर्ण दिसतो: एक मूळ प्रत आणि तिच्यावरून उतरवलेल्या प्रतींच्या प्रती. एका प्रतीत पाठ बदलला की ती इतरांशी जुळेनाशी होते आणि न जुळणारी प्रत म्हणजे संशयित माणूस. कंत्राटी पद्धतीने कामगार भरणाऱ्या चाकणच्या एखाद्या दारात 'नाव एक आणि फोटो दुसरा' एवढे म्हणून कागद परत दिले जातात, तेव्हा त्या दारावरच्या माणसाच्या मनात द्वेष असेलच असे नाही. तो प्रती ताडून पाहतो आहे. महानगरपालिकेने २०२२ साली तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि 'ग्रीन मार्शल' म्हणून कामावर घेतले, तेव्हा त्या बातमीचे महत्त्व नोकरीइतकेच ह्यातही होते की, एका सार्वजनिक संस्थेने ह्या माणसांचे कागद उघडून पाहिले आणि मिटून परत दिले नाहीत.

पण मूळ प्रतीचे हे मूळपण खरोखर किती खरे? ह्याच घरात त्याचे उत्तर आहे. त्या मुलीच्या वडिलांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. आजोबांचीही १ जून. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी मुलाचे वय अंदाजाने धरले आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची, सोयीची तारीख लिहिली. ती तारीख सेवापुस्तकात गेली, तिच्यावरून माणसे निवृत्त झाली, निवृत्तिवेतन ठरले. ती कल्पित आहे हे गुरुजींना, वडिलांना आणि मुलाला ठाऊक होते. शासनालाही ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. तिला कोणी लबाडी म्हटले नाही. नोंदीच्या पावित्र्याविषयी बोलताना हे विसरता येत नाही की, दप्तराने सोयीची कल्पिते निमूटपणे वागवली आहेत. एका माणसाने आपल्या आयुष्याविषयी सांगितलेली गोष्ट मात्र त्याला सहन होत नाही.

विद्यार्थिनीने २०२३ साली अर्ज करायचे ठरवले, तेव्हा तिच्यापुढे दोन कायदे होते आणि त्यांच्या दोन वेगळ्या कथा होत्या. १९६९च्या अधिनियमाची कथा दुरुस्तीची. दुरुस्ती म्हणजे पूर्वी लिहिलेले तेव्हाही चूक होते. 'तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९', जो १० जानेवारी २०२० रोजी अमलात आला, त्याची कथा बदलाची. बदल म्हणजे पूर्वीचे तेव्हा खरे होते, आता नाही. दुरुस्ती आणि बदल हे शब्द कार्यालयीन मराठीत पर्यायासारखे वापरले जातात, पण त्यांतला काळ वेगळा आहे, आणि त्या मुलीचे आयुष्य दोहोंपैकी कोणत्याच काळात नीट बसत नव्हते. ती म्हणे, मी बदलले नाही. मी जी होते ती आहे. आणि चूकही कोणी केली नाही. जे दिसले ते आजोबांनी सांगितले.

ह्या दोन कथांमागची पार्श्वभूमी थोडक्यात पाहिली पाहिजे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांच्या पीठाने 'राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण' खटल्यात आपले लिंग स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर ठरवले. २०१९च्या अधिनियमाने ह्या तत्त्वाला दोन पायऱ्यांत विभागले. पहिल्या पायरीवर जिल्हादंडाधिकाऱ्याने 'तृतीयपंथी व्यक्ती' म्हणून ओळखपत्र द्यावयाचे. दुसऱ्या पायरीवर, शस्त्रक्रियेनंतर, वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे 'स्त्री' किंवा 'पुरुष' असे सुधारित प्रमाणपत्र द्यावयाचे. अशी प्रमाणपत्रे मिळालेल्या व्यक्तीला जन्मदाखल्यातील व इतर कागदपत्रांतील आपले नाव बदलण्याचा हक्क अधिनियमाने दिला, आणि २०२०च्या नियमांनी अधिकृत कागदपत्रांच्या यादीत जन्मदाखल्याचा समावेश केला. म्हणजे शासनाच्या एका हाताने बदल मान्य केला. दुसऱ्या हातात मात्र १९६९चे पंधरावे कलम तसेच राहिले, ज्याला फक्त चूक कळते.

ह्या दोन हातांमधले अंतर भूगोलातही मोजता येते. ओळखपत्र मिळते ते जेथे सलग वर्षभर वास्तव्य आहे त्या जिल्ह्यात. तिच्या बाबतीत पुण्यात. वही मात्र गावात. पुण्याचा कागद घेऊन ती आईबरोबर गावी गेली. तेथे तिला जे सांगण्यात आले त्यात उद्धटपणा नव्हता. चूक असेल तर दुरुस्ती करता येते, एवढेच. अर्जात कारणाचा रकाना होता. 'नोंदीत चूक झाली' असे लिहिले असते तर कदाचित काम पुढे सरकले असते. ती लिहू लागली तेव्हा आईने विचारले, "चूक कुणाची लिहिलीस गं?" अंगठा आजोबांचा होता, ते वारले होते. सुईण गल्लीतलीच, अजून हयात. आईच्या प्रश्नात तक्रार नव्हती, भीती होती: कागदावर चूक लिहिली की ती कोणाच्यातरी पदरात पडते. रकाना कोरा राहिला आणि अर्जही.

हा अनुभव एकट्या गावाचा नाही, हे न्यायालयाच्या कागदांवरून दिसते. मंगळूरच्या निबंधकानेही एका अर्जदाराला पंधराव्या कलमाचे कारण देऊनच नकार दिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्या. सूरज गोविंदराज यांनी तो नकार बाजूला ठेवला. २०१९चा अधिनियम हा विशेष कायदा आहे आणि त्याखालील प्रमाणपत्र निबंधकाने मानलेच पाहिजे, असे त्यांनी म्हटले; आणि १९६९च्या अधिनियमात योग्य ती सुधारणा होईपर्यंत दाखल्यावर पूर्वीचे नाव व लिंग आणि आताचे नाव व लिंग ही दोन्ही दाखवावीत, असा मार्ग काढला. महाराष्ट्रात ह्याच्या आधी घडलेल्या एका प्रसिद्ध प्रकरणात प्रश्न नोकरीच्या नोंदीचा होता. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांची भरती स्त्री म्हणून झाली होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि शासनदरबारी गेले, परवानगी मिळाली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ते पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहिले. २ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत स्त्रियांच्या राखीव जागेवरून उभ्या राहिलेल्या एका तृतीयपंथी उमेदवाराचा नाकारलेला अर्ज ग्राह्य धरला. प्रत्येक वेळी कुठल्यातरी एका प्रतीचा पाठ बदलला. मूळ वहीचा प्रश्न शिल्लक राहिला.

कर्नाटकाच्या निर्णयातला मार्ग मराठीच्या अभ्यासकाला परिचित वाटेल, कारण आपल्याकडच्या संपादनाच्या दोन परंपरा त्यात समोरासमोर येतात. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांना अशुद्ध वाटलेले पाठ त्यांनी मागे टाकले. वारकऱ्याच्या हाती एकच निश्चित संहिता दिली. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेली प्रत छापली, ती जुने अक्षर जसेच्या तसे समोर यावे म्हणून. आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तीत संपादकांनी स्वीकारलेली संहिता वर आणि पाठभेद पानाच्या तळाशी. अभ्यासकाला दुसरी परंपरा अधिक प्रामाणिक वाटते आणि ते योग्यच आहे. पाठभेद लपवणे हा आपल्या शास्त्रात अपराध आहे. म्हणूनच जुने-नवे दोन्ही दाखवणारा दाखला आपल्याला प्रथमदर्शनी निर्दोष वाटतो.

पण चिकित्सक आवृत्ती वाचतो तो अभ्यासक. दाखला वाचतो तो घरमालक, कंत्राटदाराचा मुकादम, शाळेचा कारकून, बँकेतला कर्मचारी, लग्न जुळवणारा नातेवाईक. माणसाची पाठभेदांसह आवृत्ती ह्या सर्वांच्या हाती द्यावयाची म्हणजे ज्या गोष्टीपासून संरक्षण हवे तीच कागदावर छापून द्यावयाची. नोकरी मागायला गेलेल्या बाईने प्रथम आपल्या आयुष्याचा पाठेतिहास सांगावा आणि मग तिला टंकलेखन येते का हे विचारले जावे, असा हा प्रकार होतो. न्यायालयाने हा मार्ग तात्पुरता म्हणून काढला होता आणि समोरच्या कायद्याच्या मर्यादेत तो सदयही होता. पण तात्पुरत्या गोष्टी आपल्याकडे टिकाऊ होतात, हाही अनुभव आहे.

ह्या कोंडीतून वाट काढण्यासाठी नवा सिद्धांत लागत नाही. वही आणि दाखला ह्या दोन गोष्टी आहेत, एवढे ओळखले तरी पुरे. आणि ही ओळख १९६९च्या अधिनियमात आहेच. त्याच्या सतराव्या कलमानुसार मृत्यूच्या नोंदीचा उतारा कोणालाही देताना मृत्यूचे कारण उघड करावयाचे नाही. वहीत कारण आहे, उताऱ्यात नाही. माणूस क्षयाने गेला, दारूने गेला की त्याने आत्महत्या केली, हे शेजाऱ्याला वा सावकाराला कळण्याचे कारण नाही, असे विधिमंडळाला वाटले. मेलेल्या माणसाच्या बाबतीत जो संकोच कायद्याने पाळला तो जिवंत माणसाच्या बाबतीत पाळता येणार नाही काय? दत्तक मुलाच्या दाखल्यावर दत्तक आईवडिलांची नावे येतात, तेव्हा त्या मुलाचा पूर्वेतिहास नष्ट होत नाही. केवळ तो शाळेच्या खिडकीतून वाचला जात नाही. वहीत समास हवाच. मूळ अक्षर राहू द्यावे, त्याच्याकडेला नोंद, सही, दिनांक. वारसाचा तंटा, गुन्ह्याचा तपास अशा प्रसंगी न्यायालयाच्या आज्ञेने ती वही उघडता यावी. दाखल्यावर मात्र निश्चित झालेला एकच पाठ यावा, आणि 'शेरा' ह्या रकान्यात काहीही नसावे.

इतर देशांनी हीच वाट वेगवेगळ्या रीतीने काढली. ब्रिटनच्या २००४च्या लिंगमान्यता कायद्याने मूळ जन्मनोंद तशीच ठेवून एक स्वतंत्र नोंदवही उघडली. तिच्यावरून दिलेला दाखला इतर कोणत्याही दाखल्यासारखाच दिसतो आणि त्यातून मूळ नोंदीचा सुगावा लागत नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये समानताविषयक कायद्यापुरता 'स्त्री' शब्दाचा अर्थ जैविक लिंगाशी बांधला, तरी ह्या नोंदवहीची व्यवस्था त्यामुळे मोडली नाही. दप्तराचा प्रश्न आणि सामाजिक हक्कांच्या सीमांचा प्रश्न वेगळे ठेवता येतात, हे त्यावरून दिसते. अर्जेंटिनाच्या २०१२च्या कायद्याने व्यक्तीचे निवेदन पुरेसे मानले, शस्त्रक्रियेची अट ठेवली नाही, आणि सुधारित जन्मदाखल्यावर त्या कायद्याचा उल्लेख करण्यासही मनाई केली. कोणत्या कायद्याने पाठ बदलला हे सांगणे म्हणजे पाठ बदलला हे सांगणे, ही चलाख जाण त्या एका तरतुदीत आहे.

ह्यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. महाराष्ट्रात लिंगाच्या रकान्याला केवळ कारकुनी अर्थ नाही. २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. १९८८ साली देशात सर्वप्रथम गर्भलिंगपरीक्षेवर निर्बंध आणणारा कायदा ह्याच राज्याने केला. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत त्यांच्या अभावाचा पुरावा ह्या एका रकान्यातून मिळतो. तो रकाना सैल करणे म्हणजे त्या पुराव्याला हात लावणे, असे वाटणाऱ्यांना प्रतिगामी म्हणून उडवून लावता येणार नाही. परंतु जन्माची आकडेवारी जन्माच्या वर्षातच मोजून होते. वीस वर्षांनी समासात झालेली एक नोंद त्या वर्षीच्या मोजणीत फरक करीत नाही. शिवाय मूळ अक्षर राहणारच आहे. पुरावा वहीत असतो. व्यक्तीला दाखला लागतो तो जगण्यासाठी.

आणि दाखल्याचे वजन वाढतेच आहे. १९६९च्या अधिनियमातील २०२३ची सुधारणा त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला अमलात आली, आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी इत्यादींकरिता जन्मदाखला हाच जन्मस्थळाचा व जन्मतारखेचा पुरावा ठरला. म्हणजे आज जी मुले पिंपरीच्या रुग्णालयांतून जन्मतात त्यांच्यासाठी १ जूनचे गुरुजी नाहीत. त्यांच्या प्रतींचा वंशवृक्ष एकाच मुळावर उभा असणार. नोंदीची रूपे अपरिवर्तनीय असतात असेही नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाच्या नावामागून आईचे नाव आणि त्यानंतर वडिलांचे नाव येऊ लागले, ते महाराष्ट्र शासनाच्या एका निर्णयाने. शतकानुशतके जे नाव कागदावर अध्याहृत होते ते उच्चारले गेले आणि आभाळ कोसळले नाही. अधिनियम येतील, त्यांत भर पडेल, काही काढूनही घेतले जाईल. वहीने लक्षात ठेवावे आणि दाखल्याने सांगू नये, ह्या साध्या भेदाची गरज त्यामुळे कमी होणार नाही.

कोऱ्या राहिलेल्या अर्जानंतर त्या घरातले व्यवहार थांबले नाहीत. वडिलांनी मुलीला नव्या नावाने हाक मारायला दीड वर्ष घेतले. आई हाक मारी नव्या नावानेच, पण तिच्याविषयी दुसऱ्यांशी बोलताना क्रियापदाशी अडे. 'तो आला' आता म्हणवत नव्हते, 'ती आली' जिभेवर येत नव्हते. तेव्हा तिने मराठीत सर्वांसाठी उघडे असलेले दार वापरले. "लेकरू आलं का कॉलेजातून?" "पोर जेवलं का?" जन्माआधी आणि जन्मल्यावर काही दिवस प्रत्येक मराठी मूल ह्या नपुंसकलिंगात राहते: बाळ झालं, बाळ रडलं, मूल झोपलं. वीस दिवसांनी वहीत एक शब्द लिहिला जातो आणि ते दार शासनाच्या लेखी बंद होते. घराच्या लेखी ते बंद होत नाही. पन्नाशीचा मुलगा आजारी पडला तरी म्हातारी म्हणते, माझं लेकरू. व्याकरणाची पुस्तके नपुंसकलिंगाची व्याख्या अभावाने करतात, पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही अशी. आईच्या वापरात त्या लिंगात अभाव नव्हता. निर्णय होईपर्यंत माणसाला आत ठेवून घेण्याची सोय होती.

मुलीला मात्र त्या सोयीत कायमचे राहायचे नाही, हे ती स्पष्ट सांगते. ओळखपत्रावरच्या तिसऱ्या शब्दाविषयी तिला आदर आहे; तो शब्द ज्यांनी अभिमानाने मिरवला आणि त्यासाठी मार खाल्ला त्यांचे ऋण ती मानते. पण तिला 'मी आले' म्हणायचे आहे, आणि ते वाक्य ऐकणाऱ्याने दाखला मागितला तर दाखल्याने तिला खोटे पाडू नये एवढीच तिची अपेक्षा आहे. तिचा लघुप्रबंध पूर्ण झाला आहे. मुखपृष्ठावर कोणते नाव छापायचे याविषयी विद्यापीठाकडे केलेली विचारणा प्रलंबित आहे, म्हणून बांधणीवाल्याने मुखपृष्ठ सोडून बाकीची पाने शिवून ठेवली आहेत.